रॅलीच्या गाडीचं इंजिन: मंजुरी कोण मागतो, कागद कोणते लागतात आणि सील कशासाठी

रॅलीच्या गाड्यांचे रॅली1 ते रॅली5 असे गट असतात, रॅली1 सर्वात वरचा. त्यातल्या रॅली2 गटातली गाडी घेऊन स्पर्धेत उतरायचं असेल, तर इंजिन किती अश्वशक्तीचं हे नंतर विचारा. त्या इंजिनाचे कागद पुरे आहेत का, हे आधी विचारा. रॅलीतल्या खर्चाला लगाम बसतो तो मुख्यतः कागदावरूनच. कोणता भाग चालेल हे आधी ठरतं, ते फॉर्मवर नोंदलं जातं आणि मग वाटेल तेवढा पैसा ओतायची तयारी असलेल्या संघालाही त्या फॉर्मच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. छोट्या संघांना मैदानात टिकवून धरणारी याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही. म्हणून ही प्रक्रिया सविस्तर मांडतो आहे.

कोणत्या गटात कोणतं इंजिन

जागतिक रॅलीच्या वरच्या गटात 2011 पासून 1.6 लिटरचं टर्बो इंजिन आहे. त्याआधी ते 2 लिटरचं होतं. 2017 मध्ये इंजिनात जाणारी हवा मर्यादित ठेवणारं अरुंद तोंड, म्हणजे रिस्ट्रिक्टर, 36 मिलीमीटरचा झाला आणि ताकद साधारण 380 अश्वशक्तीपर्यंत गेली. 2022 मध्ये रॅली1 गट आला, तेव्हा इंजिन त्याच जातीचं ठेवून त्याला 100 किलोवॅटची हायब्रिड मोटर जोडली. ती महाग होती, दुरुस्तीला अवघड होती आणि 2024 च्या हंगामानंतर ती काढून टाकली. 2025 पासून रिस्ट्रिक्टर 35 मिलीमीटरचा आणि किमान वजन 1260 वरून 1180 किलो झालं.

रॅली1चं इंजिन खास स्पर्धेसाठी घडवलेलं असतं, आणि खर्च तिथेच वाढतो. रॅली2मध्ये इंजिनाचं मूळ उत्पादनातल्या इंजिनात असावं लागतं. रिस्ट्रिक्टर 32 मिलीमीटर, टर्बोचा दाब जास्तीत जास्त 2.5 बार निरपेक्ष, आणि तो ओलांडला की हवा सोडून देणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह. टायटॅनियम, मॅग्नेशियमसारखे महागडे धातू मनाला येईल तिथे वापरता येत नाहीत. 2013 मध्ये हा गट आर5 नावाने सुरू झाला, तेव्हा गाडीच्या विक्रीवर 1,80,000 युरोची कमाल मर्यादा होती. रॅली3 आणखी स्वस्त, तरीही चारही चाकांना ताकद देणारा गट आहे. रॅली4 आणि रॅली5 पुढच्या दोन चाकांवर चालतात.

2027 पासून वरच्या गटासाठी नवे नियम मंजूर झाले आहेत. सुमारे 300 अश्वशक्ती, रॅली2च्या धर्तीचे यांत्रिक भाग आणि गाडीची किंमत 3,45,000 युरोंच्या आत. हा निर्णय मला मनापासून पटतो.

मंजुरीचा अर्ज: पात्रता कोणाची

होमोलोगेशन म्हणजे ठरावीक गाडी ठरावीक गटात वापरायला एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेने दिलेली मंजुरी. चालक किंवा खासगी संघ त्यासाठी अर्ज करू शकत नाही. अर्ज उत्पादकाचा असतो आणि तो त्याच्या देशातल्या मोटरस्पोर्ट संस्थेमार्फत एफआयएकडे जातो. 2027 च्या नियमांत मोटार कंपन्यांबरोबर स्वतंत्र बांधणीकारांनाही दार उघडलं आहे.

अर्जासोबत गाडीचं आणि इंजिनाचं वर्णन, मापं, वजनं, छायाचित्रं आणि आरेखनं द्यावी लागतात. उत्पादनावर आधारलेल्या गटांत किती गाड्या बनल्या याचा पुरावाही लागतो. ही अट एकेकाळी फार जाचक होती. ग्रुप ए या जुन्या गटात सलग बारा महिन्यांत आधी 5000 आणि 1993 पासून 2500 गाड्या बनवाव्या लागत. रॅलीत चार चाकांना ताकद देणारी टर्बो गाडी पळवायची, तर तशाच हजारो गाड्या रस्त्यावर विकायच्या. ते जमेल अशा कंपन्या मोजक्याच. 1997 च्या वर्ल्ड रॅली कार नियमांनी ही अडचण सोडवली. साध्या, मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीवर टर्बो आणि चार चाकांची यंत्रणा बसवायला परवानगी मिळाली आणि त्या भागांचे 20 संच बनवले की पुरे झालं. त्यानंतर अनेक नव्या कंपन्या आल्या.

मंजुरी मिळाली की होमोलोगेशन फॉर्म तयार होतो. पुढचे बदल त्याला पुरवण्या म्हणून जोडले जातात: पर्यायी भागांची व्हीओ, उत्पादनातल्या सुधारणांची ईटी, फॉर्ममधली चूक दुरुस्त करणारी ईआर. कामगिरी वाढवणाऱ्या बदलांची संख्या मोजून दिलेली असते. त्यांना ‘जोकर’ म्हणतात. जोकर संपले की कितीही चांगली कल्पना सुचली तरी ती कागदावर चढत नाही, म्हणून दर महिन्याला नवं इंजिन बनवण्याची शर्यत सुरूच होत नाही.

स्पर्धकाने काय न्यावं

तांत्रिक तपासणीला जाताना होमोलोगेशन फॉर्मची सर्व पुरवण्यांसह अद्ययावत प्रत जवळ हवी. निरीक्षक हातात कॅलिपर घेऊन फॉर्ममधलं माप आणि गाडीतलं माप जुळवतो. सोबत गाडीचा तांत्रिक पासपोर्ट (तिची ओळखवही), रोल केजचं (आतल्या संरक्षक पिंजऱ्याचं) प्रमाणपत्र, रस्त्यावर चालवण्याची नोंदणी आणि विमा. वेळ मोजल्या जाणाऱ्या विशेष टप्प्यांच्या मधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरून होतो, त्यामुळे चालकाचा नेहमीचा वाहन परवानाही लागतो. चालक, सहचालक आणि संघ यांचे स्पर्धा परवाने वेगळे. परदेशात धावायचं असेल तर आपल्या राष्ट्रीय संस्थेची परवानगी. सीट, पट्टे, हेल्मेट यांवरची एफआयएची लेबलं आणि त्यांच्या मुदती घरूनच तपासून निघावं.

एक नियम पाठच करून ठेवा: नियमात ज्या बदलाला स्पष्ट परवानगी नाही, तो बदल निषिद्ध आहे. आपली गाडी नियमात बसते हे दाखवण्याची जबाबदारीही स्पर्धकाचीच.

सील

तपासणीत टर्बो, इंजिन, गिअरबॉक्स अशा भागांना क्रमांक असलेली सीलं लावतात. रॅली सुरू झाली की इंजिनाचा ब्लॉक शेवटपर्यंत तोच राहतो. तो निकामी झाला तर शर्यत संपली. राखीव टर्बोही आधी दाखवून सील केलेला लागतो. निरीक्षकाच्या परवानगीशिवाय सील तुटलं तर प्रकरण थेट पंचांकडे जातं, मग कारण कितीही प्रामाणिक असो. सर्व्हिसमध्ये, म्हणजे टप्प्यांमधल्या दुरुस्तीच्या वेळेत, घाईत काम करणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला सीलं कुठे आहेत ते आधीच दाखवून ठेवा.

एवढी कडक पद्धत का, हे 1995 च्या स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीवरून कळतं. टोयोटाच्या गाड्यांतला टर्बोचा रिस्ट्रिक्टर अशा खुबीने बसवला होता की त्याला वळसा घालून जास्तीची हवा आत जाई आणि तपासणीसाठी सोडवला की सगळं जागच्या जागी दिसे. संघाचे त्या हंगामातले गुण गेले आणि बारा महिन्यांची बंदी आली. इंजिनाला लागणारी सगळी हवा रिस्ट्रिक्टरमधूनच गेली पाहिजे, या एका वाक्यावर सगळ्यांची बरोबरी उभी आहे.

वापरलेली गाडी घेताना विक्रेत्याकडून पासपोर्ट मागा आणि त्यातला चॅसी क्रमांक गाडीवर वाचून जुळवा. इंजिन शेवटचं कोणी उघडलं, त्यानंतर किती किलोमीटर स्पर्धा झाली, टर्बो आणि पिस्टन फॉर्ममधल्या कोणत्या पुरवणीनुसार आहेत, हे लेखी घ्या. जुन्या पुरवणीतला भाग नव्या भागासोबत चालतो की दोन्ही एकत्रच बदलावे लागतात, तेही फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी ते पान वाचा.