फोटो बघा, बोलायचं असेल तर खातं काढा

आयक्लाउडवरचा अल्बम जाहीर लिंकने कुणालाही दाखवता येतो, पण त्याच फोटोखाली ‘गोड दिसतेय हो’ एवढं लिहायचं तर आजीला ॲपलचं खातं लागतं. गुगल फोटोजचीही तीच तऱ्हा. बघायला लिंक पुरते, लिहायला ओळखपत्र. तांत्रिक अडचण म्हणून हे झालेलं नाही. पाव शतकात हे घडत गेलं, आणि कुणाला परवानगी मिळाली, कुणाला नाही, हे बरंचसं सेवेचे पैसे कोण भरतं यावर ठरलं.

सुरुवातीला खात्याची भानगडच नव्हती. १९९०च्या दशकातल्या घरगुती संकेतस्थळांवर ‘गेस्टबुक’ असायचं. चित्रप्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेल्या अभिप्रायवहीसारखं: नाव लिहा, दोन ओळी लिहा, पुढे व्हा. मॅट राइट या अमेरिकी तरुणाने फुकट वाटलेला, पर्ल या भाषेत लिहिलेला त्यासाठीचा छोटा प्रोग्राम तेव्हा कुठेही दिसे. फोटोंच्या बाबतीत तीच रीत पुढे चालली. भरत मेदिरट्टा यांनी २००० साली सुरू केलेलं ‘गॅलरी’, २००२ सालचं ‘पीएचपीवेबगॅलरी’ (आजचं पिविगो) ही मुक्त सॉफ्टवेअर लोक स्वतःच्या सर्व्हरवर चढवत. सर्व्हर आपला, भाडं आपण भरणार, तेव्हा पाहुण्याला लिहू द्यायचं की नाही तेही आपणच ठरवणार.

मग स्पॅम आला. टिप्पणीत दुवा टाकला की शोधयंत्रात आपलं पान वर चढतं, हे पोकर आणि गोळ्या-औषधं विकणाऱ्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, उघडी दिसेल ती चौकट भरू लागले. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएनने ‘नोफॉलो’ आणलं. अशी खूण केलेल्या दुव्याला शोधयंत्र तेव्हा भाव देत नसे. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारे कॅप्चाही सर्वत्र आले. तरी वैतागलेल्या अनेकांनी अनोळखी टिप्पण्या बंदच केल्या. खरं तर खासगी अल्बमला हा धोका जवळजवळ नव्हता. लांबलचक, अंदाज न करता येणारी लिंक बॉटला सापडायची कुठून? पण नियम सरसकट झाला आणि घरगुती फोटोही त्यात सापडले.

कंपन्यांचं गणित वेगळं होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये व्हँकुव्हरमधून सुरू झालेल्या फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाची गंमतच मुळी फोटोखालच्या गप्पांत होती, म्हणून गप्पा मारायला सदस्य व्हावं लागे. पुढे खातं नसलेल्या नातेवाइकांसाठी त्यांनी ‘गेस्ट पास’ काढला. त्याने खासगी फोटो दिसत, पण बोलता येत नसे. २००६ साली आलेल्या गुगलच्या पिकासा वेब अल्बममध्येही जाहीर यादीत न दिसणारा अल्बम लिंकवर उघडायचा, मात्र टिप्पणीला गुगल खातं हवं. फुकट सेवा देणाऱ्याला खात्यांची संख्या वाढायला हवी असते आणि टिप्पणीचा मोह हे त्यासाठी उत्तम आमिष.

याउलट स्मगमग. २००२ साली मॅकअ‍ॅस्किल पितापुत्रांनी काढलेली ही सेवा पहिल्यापासून वर्गणीची. फोटो ठेवणारा पैसे भरतो, त्यामुळे पाहुण्याकडून काही उकळायचं नसतं. अल्बमला पासवर्ड लावा, आणि आत आलेल्याला खात्याशिवाय लिहू द्या. २०१८ साली याच स्मगमगने फ्लिकर विकत घेतलं, तरी फ्लिकरवर टिप्पणीला खातं लागतंच!

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या धंद्यातही हेच दिसतं. आपल्याकडे पूर्वी नवरा-नवरी स्टुडिओत बसून प्रूफ बघत आणि अल्बममध्ये घ्यायच्या फोटोंचे नंबर कागदावर लिहून देत. आता २०१३ पासूनच्या पिक्सिसेटसारख्या सेवांवर ग्राहक नुसता ईमेल देऊन फोटो निवडतो, शेजारी सूचनाही लिहितो. वर्गणी फोटोग्राफरची.

खात्याशिवाय बोलू देण्यात धोका नाही असं नाही. लिंक हीच किल्ली, आणि किल्ली पुढे जाते. मे २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्स या फाइली ठेवण्याच्या सेवेला शेअर केलेल्या अनेक लिंक तातडीने बंद कराव्या लागल्या, कारण फाइलमधल्या दुव्यावर कुणी टिचकी मारली की मूळ लिंक समोरच्या संकेतस्थळाला कळत होती. शिवाय ‘बाबा’ असं नाव घालून कुणीही लिहू शकतो. म्हणून मालकाच्या मंजुरीनंतरच टिप्पणी दिसावी, ही जुनी सोय अजूनही सर्वांत उपयोगी.

या सगळ्यात तोटा झाला तो माहितीचा. शिकागोतल्या मुलाने टाकलेल्या जुन्या फोटोवर ‘मागे उभी ती शकूमावशी, हे नाशिकचं घर’ हे सांगू शकणारं माणूस बहुधा खातं नसलेलंच असतं. ते उत्तर फोनवर दिलं जातं, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडतं आणि शंभर सुप्रभातांखाली गाडलं जातं. फोटो एकीकडे, नावं दुसरीकडे.

आता घरच्या सर्व्हरवर फोटो ठेवण्याची हौस पुन्हा वाढली आहे आणि २०२२ साली सुरू झालेलं इमिच हे मुक्त सॉफ्टवेअर त्यात आघाडीवर आहे. पण त्याच्या शेअर लिंकवर आलेल्या पाहुण्याला मालकाने मुभा दिली तर स्वतःचे फोटो चढवता येतात, टिप्पणी मात्र अल्बममध्ये घेतलेल्या खातेदारांनाच.