कॅमेऱ्याला काही झालं, तर दुकानात येईपर्यंत

बाबांचा यशिका, मामांचा पेंटॅक्स असे जुने फिल्मचे कॅमेरे पुन्हा माळ्यावरून खाली उतरू लागलेत. रोल भरला जातो आणि आठवड्याभरात कॅमेरा आमच्या काउंटरवर येतो. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. महागात पडतात ते घरी केलेले उपाय.

रोल अडकणं ही नेहमीची तक्रार. ३६ फोटो झाले की फिल्म पुढे ओढायचा लिव्हर जड होतो, तिथेच थांबायचं. ‘अजून एक बसेल’ म्हणून जोर लावला की फिल्म डबीच्या आतून तुटते, आणि मग गुंडाळायचं हँडल नुसतं मोकळं फिरत राहतं. अशा वेळी मागचं झाकण उघडू नका, कॅमेरा तसाच आणा. काळ्या पिशवीत हात घालून आम्ही फिल्म काढून देतो. लाल दिवा लावून घरी काढायचा प्रयत्न करू नका. लाल दिवा चालतो तो ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढताना. नेहमीच्या फिल्मवर लाल उजेडही उमटतो.

झाकण चुकून उघडलंच, तर लगेच बंद करा. वरचे वेढे गेले, पण आतले बरेचदा वाचतात आणि डबीतली कोरी फिल्म शाबूत असते. दोनदा लिव्हर ओढून पुढचे फोटो काढा.

आकडा ४० वर गेला तरी रोल संपत नसेल, तर खूश होऊ नका. फिल्म आत पकडलीच गेलेली नाही. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडचं हँडल फिरतंय ना, एवढं बघत जा.

आता पाणी. आपल्या गावात रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारणाऱ्यांचे फोटो काढायचे म्हणजे काठावर उभं राहणं आलं. मागे एक कॅमेरा आला तो पिवळाधमक. फुंकर मारली की व्ह्यूफाइंडरमधून थेंब निघत होते. गिऱ्हाइकाने तो दोन दिवस तांदळात पुरून ठेवला होता. तांदळाचा भुगा गिअरमध्ये गेला, आणि वाळलेल्या फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटले. भिजलेला कॅमेरा चालवून बघू नका, हेअर ड्रायर लावू नका; बॅटरी काढा, बाहेरून पुसा, लगेच आणा. रोल गुंडाळून बाहेर काढता आला, तर तो वाळू देऊ नका. थंड पाण्याच्या डब्यात बुडवून आणा, आम्ही तो आधी धुवायला घेऊ.

शटर दाबलं जात नसेल तर आधी बॅटरी बदला. कॅनन एई-१ बॅटरीशिवाय हलतच नाही. पेंटॅक्स के१०००ला मात्र ती फक्त लाइट मीटरसाठी लागते. शिलाई मशीनचं तेल कृपा करून सोडू नका. ते पसरत पसरत अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधला उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर जातं आणि पाती चिकटतात. शटरच्या पडद्याला बोट लावणं तर नकोच.

फोटोंवर उजेडाचे पट्टे आले तर झाकणाच्या खाचेतला काळा फोम बघा. बोटाला डांबरासारखा लागला, तर तो बदलायचा झालाय. काम छोटं आहे.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका. कव्हर ओल धरतं आणि लेन्सवर बुरशीची जाळी चढते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

खर्च किती येईल, ते कॅमेरा उघडून बघितल्यावरच सांगतो, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय कामाला हात लावत नाही. रंगपंचमीला दुकान बंद असतं, आम्हीही रहाडीवरच असतो. त्या दिवशी भिजलेला रोल पाण्याच्या डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घेऊन या.