कागद हरवला, रेकॉर्ड राहिली
कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीचा मांडव, ऑक्टोपॅड आणि जुन्या हिंदी गाण्यांची फर्माईश आठवते. त्यामुळे मेटालिका या अमेरिकन रॉक बँडचा 'एस अँड एम' हा अल्बम कुणाला ऐकवताना मी आधी एवढंच सांगतो: हा ऑर्केस्ट्रा वेगळा. शंभराच्या आसपास वादक, प्रत्येकासमोर कागद, आणि कागदावर नाही तो स्वर वाजवायचा नाही. बँडचं नेमकं उलटं, सगळं कानावर आणि तालमीवर बसवलेलं.

हा अल्बम २१ आणि २२ एप्रिल १९९९ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाला. साथीला सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा, संचालक मायकेल केमन. मेटालिकाच्या १९९१ च्या 'नथिंग एल्स मॅटर्स' या गाण्यामागची व्हायोलिनं, चेलो केमननंच लिहिले होते, ओळख तिथली.

पण या प्रकाराचं मूळ तीस वर्षं मागे, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकाच मंचावर बसले. संचालन माल्कम आर्नल्ड यांचं, तीन भागांची रचना बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याची. पहिल्या भागात दोन्ही बाजू एकमेकांवर चालून जातात, तिसऱ्यात एकत्र येतात. मला पहिला भाग जास्त आवडतो, कारण तिथे कुणी कुणाची नुसती साथ करत नाही. अडचण आवाजाची होती आणि आजही आहे. ड्रमचा एक ठोका व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरला, की तो पुढे सहजासहजी वेगळा काढता येत नाही. १९७१ मध्ये प्रोकोल हॅरम या ब्रिटिश बँडनं कॅनडात एडमंटन सिम्फनीबरोबर असाच अल्बम केला, आणि तो चांगला चाललाही.

लॉर्डच्या रचनेचं मात्र वाईट झालं. १९७० मध्ये अमेरिकेत हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर ती पुन्हा वाजली आणि त्यानंतर मूळ हस्तलिखितच गहाळ झालं. सुरावटी लिहिलेले कागद नाहीत म्हटल्यावर ऑर्केस्ट्रानं वाजवायचं काय? जवळजवळ तीस वर्षं ती रचना फक्त ध्वनिमुद्रणात उरली. पुढे मार्को द गोय या डच संगीतकारानं ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून, चित्रफीत बघून एकेका वाद्याची ओळ नव्यानं कागदावर उतरवली.

हे वाचलं तेव्हा मला आपले अल्लादियाखाँसाहेब आठवले. शाहू महाराजांच्या दरबारातल्या या गवयाचा आवाज रेकॉर्डवर आपल्यापर्यंत आलाच नाही. गायकी आली ती भूर्जीखाँ, केसरबाई, मोगूबाई यांच्या गळ्यांतून. लॉर्डच्या बँडकडे गाणी होती, पण ऑर्केस्ट्राच्या त्या ओळी गळ्यात किंवा हातात धरून ठेवणारं कुणी नव्हतं. त्या एका रात्रीची रेकॉर्ड होती, म्हणून ती रचना वाचली.

सप्टेंबर १९९९ मध्ये, बर्कलीनंतर पाच महिन्यांनी, डीप पर्पल पुन्हा त्याच अल्बर्ट हॉलमध्ये आलं. या वेळी लंडन सिम्फनी, संचालक पॉल मान. गिटारवर रिची ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स होता. ऑर्गनवर जॉन लॉर्डच.