चव गेली की वास? एका लक्षणाची पार्श्वभूमी

१३ जून २०२० रोजी केंद्राच्या उपचार-नियमावलीत कोरोनाच्या लक्षणांमध्ये 'वास किंवा चव जाणे' ही भर पडली. पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडून तेव्हा तीन महिने उलटले होते. अमेरिकेच्या यादीत हे लक्षण एप्रिलमध्ये आलं, ब्रिटनच्या यादीत १८ मे रोजी. युरोपातले कान-नाक-घशाचे डॉक्टर तर मार्चपासून सांगत होते की ताप नाही, नाकही चोंदलेलं नाही, आणि तरी अचानक वास येईनासा झाला, अशी माणसं आमच्याकडे येताहेत.

आपल्याकडे उशीर का झाला, तर हे लक्षण फक्त कोरोनाचं नाही, फ्लूमध्येही वास जातो, असा मुद्दा निघाला. मुद्दा खरा होता. पण मग ताप आणि खोकला तरी कुठे फक्त कोरोनाचे होते? तपासणीचे निकष मात्र त्यांच्यावरच बेतलेले होते. ताप यंत्रावर दिसतो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरायचा, आकडा ठीक आला की माणूस आत. वास गेलाय की नाही, हे त्या माणसाला विचारूनच कळणार होतं. ताप नसलेले किती जण त्या महिन्यांत असे आत-बाहेर फिरले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. हा निर्णय निदान महिनाभर आधी व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

विचारायचं ठरवलं तरी मराठीत ते सोपं नव्हतं. 'वास येतो का?' असं विचारलं की माणूस इकडेतिकडे बघून म्हणतो, 'कसला?' आपल्या बोलण्यात नुसता 'वास' म्हणजे बहुतेकदा वाईट वास. 'मला वास येत नाही' याचाही सहज अर्थ 'इथे काही घाण नाही' असाच होतो. 'चवी'चा गुंता त्याहून मोठा. कुठल्याही तापात 'तोंडाला चव नाही' म्हणायची आपली जुनी सवय, आणि त्याचा अर्थ जेवावंसं वाटत नाही. वैद्य त्याला अरुची म्हणतात. ती वेगळी गोष्ट. त्यामुळे 'चव गेली' हे शब्द घरात कानावर पडले तरी त्यांनी कुणी दचकलं नाही.

शिवाय ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग नाकाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागून वर नाकात चढतो. नाक घट्ट दाबून बडीशेप चघळून बघा: जिभेला थोडा गोडवा लागेल, बाकी भुसा. नाक सोडलं की क्षणात ती बडीशेप होते. आंब्याचंही तेच, नाक दाबलं तर उरतं नुसतं आंबट-गोड. कोरोनात 'चव गेली' म्हणणाऱ्या अनेकांना मीठ-साखर कळत होती, गेला होता तो वास. सगळ्यांचं मात्र तसं नव्हतं. काहींची जिभेची चवही खरोखर मंदावल्याचं, मिरचीचा झणका आणि पुदिन्याचा गारवासुद्धा कमी झाल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे नियमावलीतल्या 'किंवा' या एका शब्दात निदान तीन वेगळ्या तक्रारी कोंबल्या गेल्या.

विषाणूमुळे वास जातो हे डॉक्टरांना कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सर्दी-फ्लूनंतर कायमचा वास गेलेले रुग्ण नाकाच्या दवाखान्यांत येतच होते. १९३७ साली टोरांटोत पोलिओ टाळण्यासाठी मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं होतं. पोलिओ टळला नाही, काहींचा वास मात्र गेला. एरवी या इंद्रियाकडे फारसं कुणी बघितलं नाही.

२०२० नंतर चित्र पालटलं. विषाणू गंध टिपणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांच्या शेजारच्या आधारपेशींना धरतो, कारण त्याला आत शिरायला लागणारं एसीई-२ हे प्रथिन त्या आधारपेशींवर असतं, हे त्याच वर्षी पुढे आलं. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत का परतला, हे त्यावरून बरंचसं समजतं. २०२१ च्या शेवटी विषाणूचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि हे लक्षण खूपच कमी झालं.

ज्यांचा वास परतला नाही, किंवा वाकडा परतला, त्यांची गोष्ट तिथे संपली नाही. वाकड्या परतलेल्या वासात कांदा-लसूण सडल्यासारखे आणि कॉफी जळक्यासारखी वाटायला लागली की जेवणाच्या ताटावर बसवत नाही. वास परतलाच नाही, तर फोडणी करपल्याचं कळत नाही. गॅस गळला तर कळावं म्हणून मुद्दाम मिसळलेला उग्र दर्पही कळत नाही. अशांसाठी २००९ पासून एक साधा सराव सांगितला जातो. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे आणि महिनोन्‌महिने घेत राहायचे. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण लवंग मसाल्याच्या डब्यात आणि लिंबू टोपलीत असतंच, त्यामुळे सुरुवात घरातूनच करता येते.