लग्नानंतरचे नाव: भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचे ग्रीन कार्ड यांतील तफावत कशी दूर करावी

पासपोर्टवर माहेरचे आडनाव आणि ग्रीन कार्डवर सासरचे, किंवा नेमके याच्या उलट, अशी स्थिती अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी स्त्रियांची असते आणि बहुतेक वेळा ती भारतात येण्याचे तिकीट काढताना लक्षात येते. दोन सरकारी कागदांवर दोन नावे असणे हा गुन्हा नाही आणि केवळ त्यामुळे कायम वास्तव्याचा हक्कही जात नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे, कारण या भीतीपोटी घाईने चुकीचा अर्ज केलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. खरी अडचण येते ती एक नाव दुसऱ्या नावाशी जोडणारा अधिकृत कागद हाताशी नसतो तेव्हा.

या गुंत्याचे मूळ आपल्या नावांच्या रचनेत आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहितो. भारतीय पासपोर्टवर मात्र नावासाठी दोनच रकाने असतात, त्यामुळे वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून एकाच रकान्यात जाते. लग्नानंतर वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव सासरचे होते, आणि ज्या घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत पाळली जाते तिथे पहिले नावही बदलते. घरच्यांना हा एकच बदल वाटतो, पण कागदाच्या दृष्टीने हे तीन निराळे बदल आहेत आणि तिन्हींना लागणारा पुरावा सारखा नाही. आडनावासाठी विवाह प्रमाणपत्र पुरते. मधल्या नावासाठी त्याच प्रमाणपत्रावरील पतीचे पूर्ण नाव उपयोगी पडते, परंतु मधले नाव म्हणजे पतीचे नाव ही आपली रीत अमेरिकेतील अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून अर्जात ती एका वाक्यात स्पष्ट करावी. पहिले नाव बदलले असेल तर मात्र विवाह प्रमाणपत्रावर विसंबून राहू नये. त्यासाठी राजपत्रातील, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनातील, नोंद किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. समजा, पासपोर्टवर ‘स्नेहा विनायक’ आणि ‘जोशी’ असे आहे आणि ग्रीन कार्डवर ‘स्नेहा समीर कुलकर्णी’ असे आहे, तर ही तफावत विवाह प्रमाणपत्राने मिटू शकते. पण स्नेहाची सायली झाली असेल, तर ते प्रमाणपत्र एकटे अपुरे पडेल.

नाव बदलावेच लागते का, हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकीने स्वतःला विचारावा. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही भारतीय कायदा नाही. पासपोर्टमध्ये पतीचे नाव नोंदवणे आणि स्वतःचे नाव बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहेरचे नाव कायम ठेवूनही पती म्हणून त्याच्या नावाची नोंद करता येते. नवविवाहिता पतीसोबत एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, जाणार असेल, तर तिला विवाहाचा पुरावा द्यावा लागतो, सासरचे नाव असलेला पासपोर्ट नव्हे. लग्न आणि प्रस्थान यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन महिने असताना पासपोर्टचे नाव बदलायला काढणे मला अनावश्यक वाटते. त्यातून व्हिसा आधीच मिळाला असेल आणि नंतर पासपोर्टवरील नाव बदलले, तर प्रवास सुकर व्हावा म्हणून नव्या नावाने पुन्हा व्हिसा घ्यावा, असा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचाच सल्ला आहे. म्हणजे एका अर्जाचे दोन अर्ज होतात.

नाव बदलायचे ठरले की पहिला कागद विवाह नोंदणीचा. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत स्तरावर नोंदणी होते आणि ‘नमुना ई’ मध्ये प्रमाणपत्र मिळते. या प्रमाणपत्रावर वधूचे नाव लग्नापूर्वीचे असते, आणि ते तसेच असायला हवे, कारण पासपोर्टवरील जुन्या नावाशी तेच जुळणार असते. नोंदणीच्या दिवशी वधू, वर आणि दोघांचे वडील यांच्या नावांचे इंग्रजी वर्णलेखन पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. कुलकर्णी, दीक्षित, गोडबोले अशी आडनावे इंग्रजीत दोन-तीन प्रकारांनी लिहिली जातात आणि तिथे राहिलेली चूक पुढे प्रत्येक कार्यालयात नडते. नोंदणी कार्यालयाच्या पावतीवर किंवा मंगल कार्यालयाच्या दाखल्यावर भागत नाही. जुनी प्रमाणपत्रे अनेकदा केवळ मराठीत असतात. अशा वेळी अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेसाठी, म्हणजे यूएससीआयएससाठी, पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि ‘मला दोन्ही भाषा येतात व हे भाषांतर अचूक आहे’ असे भाषांतरकाराचे सही केलेले निवेदन त्यासोबत असावे लागते. भाषांतर अर्जदाराने स्वतः करू नये, ओळखीच्या अन्य व्यक्तीकडून करून घ्यावे, असे मी सुचवेन.

पहिले नाव बदलले असेल किंवा जुन्या कागदांवर नाव निरनिराळ्या प्रकारे आले असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घ्यावा. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून होते. राजपत्राच्या त्या पानाची प्रत कायम जपून ठेवावी.

भारतीय पासपोर्टवर नाव खोडून नवे लिहिण्याची सोय नाही; त्यासाठी ‘पुनर्निर्गम’ (री-इश्यू) या प्रकारात, वैयक्तिक तपशिलातील बदल हे कारण निवडून, नवी पुस्तिका घ्यावी लागते. भारतात छत्तीस पानी पुस्तिकेचे साधे शुल्क १,५०० रुपये आणि साठ पानी पुस्तिकेचे २,००० रुपये आहे. तत्काळ सेवेसाठी आणखी २,००० रुपये पडतात. आधीचा पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र किंवा विहित नमुन्यातील पती-पत्नीचे छायाचित्रासह संयुक्त निवेदन, आणि पत्त्याचा पुरावा हे मुख्य कागद. अमेरिकेत राहणाऱ्यांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत आपापल्या विभागाच्या भारतीय कॉन्सुलेटकडे जातात आणि तिथे वास्तव्याचा दर्जा दाखवणारा कागद, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा व्हिसाची कागदपत्रे, अधिक जोडावी लागतात. रद्द झालेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नये. त्यात व्हिसा असू शकतो, शिवाय जुन्या नावाचा तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो.

अमेरिकेच्या बाजूने ग्रीन कार्डवरील नाव बदलण्यासाठी फॉर्म आय-९० भरावा लागतो. कार्ड मिळाल्यानंतर ज्यांचे नाव कायदेशीरपणे बदलले आहे अशा कायम रहिवाशांना हा अर्ज करता येतो. विवाहाच्या आधारे मिळालेले दोन वर्षांचे सशर्त कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनाही नावासाठी तो चालतो. परंतु त्या कार्डाची मुदत संपण्यास नव्वद दिवसांहून कमी काळ उरला असेल, तर अटी काढून टाकण्यासाठी फॉर्म आय-७५१ तसाही भरायचाच असतो, तेव्हा त्यातच नवे नाव पुराव्यासह द्यावे आणि वेगळा खर्च टाळावा. १ एप्रिल २०२४ पासून आय-९० चे शुल्क ऑनलाइन अर्जाला ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर आहे; अर्ज करण्याच्या दिवशी ते पुन्हा तपासावे. सोबत सध्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, आणि विवाह प्रमाणपत्र, घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा न्यायालयाचा नावबदलाचा आदेश यांपैकी लागू असेल तो कागद जोडावा. अर्जात आपण बिनचूक नाव दिले होते आणि कार्ड छापताना यूएससीआयएसकडून चूक झाली, तर अर्ज याच फॉर्मवर होतो, मात्र कारण निराळे निवडायचे असते आणि शुल्क द्यावे लागत नाही. वडिलांचे किंवा पतीचे नाव भलत्याच रकान्यात गेले असेल, तर आधी आपलाच मूळ अर्ज काढून पाहावा, कारण ती चूक बऱ्याचदा आपल्या लिहिण्यातही असते.

यूएससीआयएसच्या अनेक अर्जांत पूर्वी वापरलेल्या सर्व नावांसाठी रकाना असतो. तिथे माहेरचे पूर्ण नाव, घरच्यांनी लग्नात ठेवलेले नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील वेगळे वर्णलेखन हे सारे लिहावे. पार्श्वभूमीची तपासणी नावांवरून होते, त्यामुळे लपवण्यासारखे काही नसतानाही एखादे नाव गाळले, तर मुलाखतीत त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

आधी कोणता कागद बदलावा, याचे माझे उत्तर असे आहे की ज्या मार्गाने सर्वांत कमी अर्ज करावे लागतील तो मार्ग धरावा. ग्रीन कार्ड आधीच सासरच्या नावाने असेल, तर पासपोर्ट बदलला की काम संपते. पासपोर्ट सासरच्या नावाने असेल आणि कार्ड जुन्या, तर आय-९० करावा. दोन्ही माहेरच्या नावाने असतील, तर ते तसेच राहू देण्याला माझा कौल आहे. तरीही बदलायचे असेल, तर पासपोर्टची दहा वर्षांची मुदत संपत येण्याची वाट पाहावी आणि नूतनीकरणासोबतच नाव बदलावे.

मधल्या काळात प्रवास करता येतो. तिकीट नेहमी पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच काढावे. अमेरिकेत परतताना कायम रहिवाशाचा मुख्य कागद ग्रीन कार्ड असतो, आणि त्यावरील नाव पासपोर्टहून वेगळे असल्यास नाव कसे बदलत गेले हे दाखवणारे विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावे, असे तेथील सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभाग सांगतो. ते मूळ स्वरूपात आणि भाषांतरासह, हातातल्या पिशवीत असावे. चेक-इन केलेल्या सामानात गेलेला कागद विमानतळाच्या खिडकीवर उपयोगी पडत नाही.

ग्रीन कार्ड नव्या नावाने आल्यावर सोशल सिक्युरिटी कार्डसाठी फॉर्म एसएस-५ भरावा. त्याला शुल्क नाही. हा क्रम पाळावा, कारण अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत सोशल सिक्युरिटीचे कार्यालय स्थलांतराच्या कागदावरील नाव पाहते. त्यानंतर वाहन परवान्याचे कार्यालय, मग बँक आणि नोकरीचे ठिकाण. ७ मे २०२५ पासून अमेरिकेतील देशांतर्गत विमानप्रवासासाठी रिअल आयडीची, म्हणजे केंद्रीय निकषांनुसार काढलेल्या वाहन परवान्याची किंवा ओळखपत्राची, अट लागू झाली आहे, आणि असा परवाना काढताना जन्मनावापासून आजच्या नावापर्यंतचे दाखले मागितले जातात. आयकर विवरणपत्रात मात्र सोशल सिक्युरिटी कार्डवर त्या दिवशी जे नाव असेल तेच लिहावे, अन्यथा परतावा अडकू शकतो.

नागरिकत्वाचा अर्ज जवळ आला असेल, तर आय-९० वर पैसे खर्च करण्याआधी थांबून विचार करावा. नागरिकत्वाच्या फॉर्म एन-४०० मध्ये विवाह प्रमाणपत्राच्या आधारे सासरचे नाव देता येते; आणि अगदी वेगळे नाव हवे असेल, तर तशी विनंती त्याच अर्जात करता येते, मात्र तो बदल न्यायालयच करू शकत असल्याने शपथविधी न्यायाधीशांसमोर व्हावा लागतो. त्यापुढे भारतीय पासपोर्ट परत करणे आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे, कार्ड घेणे ही कामे येतात. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर सासरचे नाव आणि परत करायच्या पासपोर्टवर माहेरचे, अशी तफावत तिथे पुन्हा उभी राहते, तेव्हा विवाह प्रमाणपत्राची प्रत याही अर्जाला जोडावी लागते.

घटस्फोटानंतर माहेरच्या नावाकडे परतणाऱ्या स्त्रियांना हा प्रवास उलट दिशेने करावा लागतो. अमेरिकेत घटस्फोट होत असेल, तर हुकूमनाम्यातच पूर्वीचे नाव पुन्हा धारण करण्याचा आदेश लिहून घेण्यास वकिलाला आवर्जून सांगावे. भारतातील कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यात नावाचा उल्लेख असेलच असे नाही. अशा वेळी राजपत्रातील नोंद कामी येते. पुनर्विवाह झाला असेल, तर पहिल्या विवाहाचे प्रमाणपत्र, घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीच्या निधनाचा दाखला, आणि दुसऱ्या विवाहाचे प्रमाणपत्र हे सर्व कागद ओळीने द्यावे लागतात. मनाला नकोसा झालेला कागद फाडून टाकावासा वाटणे साहजिक आहे, पण यांतला एकही फाडू नये.

शेवटी एक छोटी पण महत्त्वाची बाब. नवे कार्ड टपालाने येते. घरच्या टपालपेटीवर केवळ पतीचे किंवा जुने आडनाव असेल, तर पाकीट परत जाऊ शकते, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीच पेटीवर दोन्ही आडनावे लिहावीत, आणि घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत नवा पत्ता यूएससीआयएसला कळवावा.