घोट्याचं भान

मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरली होती, दुखणं जवळजवळ थांबलं होतं आणि नौपाड्यातल्या घरापासून तलावपाळीपर्यंत मी न लंगडता जाऊन आले होते. फिजिओकडे गेले ती ‘झालं आता’ हे ऐकण्याच्या तयारीनंच. तिनं मला भिंतीजवळ उभं केलं. “ताई, उजव्या पायावर उभ्या राहा. आता डोळे मिटा.” वीस सेकंद राहिले. “आता डाव्यावर.” डोळे मिटल्याबरोबर डाव्या पायाची बोटं फरशी धरू पाहायला लागली, घोटा थरथरला आणि तिसऱ्या सेकंदाला माझा हात भिंतीवर होता. दुखलं कुठेच नव्हतं. पाय जागेवर होता, पण तो नेमका कुठे आणि कसा टेकलाय, हे मला आतून कळत नव्हतं.

पाय मुरगळला होता तो जुलैमध्ये, स्टेशनजवळच्या एका गल्लीत. पाण्याखाली पेव्हर ब्लॉक उखडलेला होता, पाऊल आत वळलं आणि सगळं वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेवर आलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात, ज्यांना आपण सर्रास लिगामेंट म्हणतो. त्यांतला पुढचा सगळ्यांत कमजोर, आणि पाऊल असं आत वळलं की बहुतेक वेळा आधी तोच ताणला जातो किंवा फाटतो. आईनं आंबेहळदीचा लेप लावला, वरून क्रेप बँडेज. एक्स-रे लागला नाही. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी यासाठी सोप्या कसोट्या मांडल्या, त्या आज जगभर वापरतात. त्यांतल्या मुख्य दोन लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असेल, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. मला चार पावलं टाकता येत होती.

मग तीन सेकंदांत तोल का गेला?

तोल सांभाळायला मेंदूकडे तीन वाटांनी बातमी येते. डोळे, आतला कान आणि खुद्द अंग. या तिसऱ्या वाटेला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०६ साली प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. मराठीत आपण अंगाचं भान म्हणू. स्नायूंच्या तंतूंमध्ये चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात, स्नायू किती आणि किती वेगानं ताणला जातोय ते हे कळवतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या स्नायूबंधांतले संवेदक ओढ मोजतात. सांध्याच्या आवरणात, लिगामेंटमध्ये, तळव्याच्या कातडीत आणखी आहेत. या संवेदकांत ताण ओळखणारं एक प्रथिन आहे, पिएझो-२. त्याच्या शोधात वाटा असलेले आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जन्मतःच हे प्रथिन काम करत नाही अशी काही माणसं आहेत. उजेडात ती चालू शकतात, पण डोळ्यांवर पट्टी बांधली की चालणं त्यांना जवळजवळ अशक्य होतं. हे वाचलं तेव्हा माझ्या त्या तीन सेकंदांचा अर्थ मला लागला. माझ्या घोट्यापुरतं, अगदी थोड्या प्रमाणात, तेच झालं होतं.

१९६५ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हे मांडलं. लिगामेंट फाटतं तेव्हा त्यातली चेतातंतूंची टोकंही तुटतात, म्हणून सूज गेल्यावरही घोटा दगा देत राहतो. त्यांनी रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहायचा सराव दिला, आणि दगा देणं कमी झालं. पुढच्या संशोधनात चित्र याहून गुंतागुंतीचं निघालं. नुसती टोकं तुटण्याचा प्रश्न नसतो, तर आलेली बातमी मेंदू कशी वापरतो हेही बदलतं, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा जागे होतात. पण फळी टिकली, तोलाचा सराव टिकला. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका अशा सरावानं कमी होतो, याबद्दल आज फारसा वाद नाही.

यात वेळेचाही प्रश्न आहे. घोटा वळायला लागतो आणि इजा होते, यात सेकंदाचा दहावा भागही जात नाही. ताण जाणवून, निरोप मज्जारज्जूपर्यंत जाऊन, स्नायू आखडून जोर येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे पाऊल टेकायच्या आधीच घोट्यानं तयार असावं लागतं, आणि ही तयारी कळत-नकळत शिकलेली असते.

लिगामेंटचं भरून येणंही आपल्याला वाटतं तसं नाही. पहिले काही दिवस सूज, मग काही आठवडे शरीर घाईघाईनं कोलॅजनचे धागे टाकतं, वेडेवाकडे, गवताच्या गंजीसारखे. त्यानंतर महिनोन् महिने, कधी वर्षभर, ते धागे ओढीच्या दिशेनं रचले जातात. ओढच पडली नाही तर दिशा कुठून कळणार? बर्फ आणि पूर्ण विश्रांती हा सल्ला १९७८ मध्ये रुळवणाऱ्या अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी स्वतःच २०१४ मध्ये तो बदलला, बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं असं सांगून. आपल्याकडे ‘पाय टेकवूच नकोस’ म्हणणारी माणसं घरोघर आहेत. त्यांची माया खरी आहे, पण पहिले काही दिवस सरल्यावर सोसवेल तेवढा भार हेच औषध आहे.

फळीवरचा सराव मी दोन आठवडे केला आणि कंटाळले. त्याच सुमाराला आमच्या मागच्या रस्त्यावर एका हॉलमध्ये मोठ्यांसाठी बॅलेचा वर्ग सुरू झाला. वय त्रेचाळीस, नाचाचा गंध नाही. फिजिओला विचारलं. तिनं तीन अटी घातल्या: उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, आणि भिंतीला हात टेकून डाव्या पायावर पंचवीस वेळा टाच उचलता येईपर्यंत एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं नाही. जमीन कशी आहे हेही बघून यायला सांगितलं. काँक्रीटवरची फरशी धक्का अजिबात सोसून घेत नाही. तिथे लाकडी जमीन होती, खाली पोकळी असलेली.

बॅलेची भाषा फ्रेंच आहे. चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली, आणि तेव्हा रुळलेले शब्द ठाण्यातल्या हॉलमध्येही तेच आहेत. प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, टाचा जमिनीवर ठेवून. मुरगळल्यानंतर नडगी पुढे झुकण्याची घोट्याची मोकळीकच कमी झालेली असते, आणि प्लिए मागतो ते हेच. तांद्यू म्हणजे पाय जमिनीवरून घासत पूर्ण ताणणं. टाच, तळवा, चवडा एकामागून एक जमीन सोडतात, बोटांची टोकं मात्र टेकलेलीच राहतात, आणि तळव्याच्या कातडीला प्रत्येक टप्पा जाणवतो.

रेलेव्हे, म्हणजे चवड्यांवर उठणं, यात खरी कसोटी. नडगीच्या दोन हाडांच्या चिमट्यात टेलस नावाचं हाड बसतं. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. टाच जमिनीवर असताना रुंद भाग चिमट्यात घट्ट असतो. टाच उचलली की अरुंद भाग तिथे येतो, आणि सांधा हाडांच्या भरवशावर राहत नाही. सगळी मदार लिगामेंटवर आणि स्नायूंवर येते. पहिल्या दिवशी मी दोन्ही पायांवर उठले तेव्हा डावा घोटा बाहेरच्या बाजूला कलला, नेमका जुलैमध्ये कलला होता तसा. वर्गाच्या बाई शेजारी येऊन खाली बसल्या आणि अंगठ्याच्या बुडाला बोट लावून म्हणाल्या, “वजन इथे. करंगळीकडे जाऊ देऊ नका.”

पाय बाहेर वळवून उभं राहण्याचं थोडक्यात सांगते, कारण मोठ्या वयात लोक इथेच स्वतःला दुखवून घेतात. हे वळणं खुब्यातून यायला हवं, आणि खुब्याच्या वाटीचा आकार वाढत्या वयातच ठरलेला असतो. पावलं जबरदस्तीनं वळवली तर गुडघा पिळतो आणि तळव्याची कमान आत कोसळते. माझी पावलं घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाल्यावर काटे असतात तेवढीच उघडतात. तेवढीच उघडायची.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते बार या, सराव करताना हात टेकवायच्या आडव्या दांड्यानं. मी तो लोकलच्या दांड्यासारखा घट्ट धरून होते. “धरू नका, नुसतं टेकवा,” बाई प्रत्येक तासाला सांगायच्या. मला वाटायचं, हे दिसायला डौलदार दिसावं म्हणून असेल. पण १९९४ मध्ये अमेरिकेत जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी नेमकं हेच मोजलं होतं. माणसं एकापुढे एक पावलं ठेवून उभी होती, बोटाचं टोक एका दांडीला टेकलेलं. बोटाचा दाब एक न्यूटनहूनही कमी, म्हणजे हातात एक टोमॅटो धरावा एवढाच. एवढ्या दाबानं अंगाला आधार मिळत नाही. तरी शरीराचं डुलणं कमी झालं, आणि घट्ट दाब देऊन होतं तितकंच कमी झालं. बोटाच्या टोकाची कातडी इतकी तल्लख असते की अंग कुठे कलतंय ते ती आधीच कळवते, आणि पोटऱ्या वेळेवर कामाला लागतात. दांडा घट्ट धरला की ही बातमी दबून जाते, कारण मग तोल हात सांभाळतो आणि घोट्याला शिकायला काही उरत नाही. दोन बोटांवर आले त्या दिवशी डाव्या घोट्याभोवतीचे बारीक स्नायू सतत हलताना मला पहिल्यांदा जाणवले, भाताच्या झाकणाखाली वाफ खदखदावी तसे.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी आम्हाला आरशाकडे पाठ करून उभं केलं. आरसा आहे तोवर आपण पाय डोळ्यांनी ठेवतो. पाठ फिरवल्यावर सगळ्यांचेच हात-पाय भलतीकडे गेले. लहान मुलं अशा वेळी बिनधास्त करून पाहतात. आमच्यासारख्यांना आधी कळायला हवं असतं, नाव हवं असतं, वजन कुठे जातं ते विचारायचं असतं. मला यात उणेपणा वाटत नाही. लक्ष देऊन, सावकाश, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल प्रौढ मेंदूतही रुजते, फक्त आठवडे जास्त लागतात आणि मधल्या रात्रींना झोप पुरेशी लागते.

परवा फिजिओनं पुन्हा भिंतीजवळ उभं केलं. उजवा पाय सव्वीस सेकंद. डावा चौदा, आणि मग बोटांनी फरशी धरायला सुरुवात केली. तिनं वहीत दोन्ही आकडे लिहिले. रविवारी वर्गात बाईंना सांगितलं, तर त्यांनी माझं दुसरं बोट दांड्यावरून अलगद उचललं आणि म्हणाल्या, “आता एकावर.”