क्लिंगॉन–ग्रहसंघ वैर

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या विश्वात पृथ्वीसह अनेक ग्रहांनी मिळून स्थापलेला ग्रहसंघ आणि क्लिंगॉनांचे लढवय्ये साम्राज्य यांच्यातील दीर्घकालीन वैर. मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली; क्लिंगॉन तिच्यात २३ मार्च १९६७ च्या भागात प्रथम दिसतात. इंदूरच्या मराठी घरांत ही मालिका पोहोचली ती बहुधा ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनमुळे. ग्रहसंघाची घडण व जहाजांची नावे वाचकांना माहीत आहेत असे येथे धरले आहे.

नाव व मूळ : क्लिंगॉन ही कल्पना पटकथाकार जीन कून यांची. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या पोलीस खात्यातील एका जुन्या परिचिताच्या आडनावावरून हे नाव घेतले, असे सांगतात. क्लिंगॉन म्हणजे नेमके कोण, याविषयी दोन मते आहेत. शीतयुद्धाच्या काळातले लेखन म्हणून ते सोव्हिएत रशियाचे रूपक, हे रूढ मत. दुसरे मत रंगभूषेवर आधारलेले आहे : पहिला क्लिंगॉन सेनानी साकारणारे जॉन कोलिकोस यांनी आपला चेहरा चंगीझखानासारखा करून घेतल्याचे पुढे सांगितले. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. डावपेच रशियाचे आणि चेहरा मंगोलाचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते; सावळा रंग व लोंबत्या मिशा हीच शत्रूची खूण ठरावी, हे मात्र आपल्याकडच्या प्रेक्षकाला खटकल्याशिवाय राहत नाही.

कपाळाचा प्रश्न : १९६७ चे क्लिंगॉन सपाट कपाळाचे, तर १९७९ च्या पहिल्या चित्रपटापासून त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या दिसतात. बराच काळ याचे कोणतेच कथांतर्गत स्पष्टीकरण नव्हते. पुढच्या एका मालिकेच्या १९९६ च्या भागात क्लिंगॉन अधिकारी वॉर्फ जुन्या काळातील आपल्याच सपाट कपाळाच्या लोकांसमोर येतो; सोबती कारण विचारतात, तेव्हा परक्यांशी आम्ही हा विषय काढत नाही एवढे सांगून तो गप्प बसतो. अखेर २००५ मध्ये दोन भागांत खुलासा आला : २१५४ च्या सुमारास मानवी जनुके वापरून केलेल्या प्रयोगातून साथ पसरली व तिच्यात वळ्या नाहीशा झाल्या. प्रस्तुत संकलकाला १९७९ साली रंगभूषेला अधिक पैसा मिळाला हे कारण पुरेसे वाटते. तरीही शत्रूचा चेहरा मानवाच्याच जनुकांमुळे मानवासारखा झाला, ही कल्पना या वैराच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

ऑर्गेनियाचा तह : या वैराचे राजकीय मर्म क्लिंगॉनांच्या पहिल्याच भागात आहे. ऑर्गेनिया या साध्यासुध्या दिसणाऱ्या ग्रहावरून दोन्ही सत्ता युद्धाला उभ्या राहतात. तेवढ्यात तेथील रहिवासी दोन्हीकडची शस्त्रे हात लावता येणार नाही इतकी तापवून लढाई थांबवतात. यावर ग्रहसंघाचा कप्तान आणि क्लिंगॉन सेनानी दोघेही, आमच्या भांडणात तुम्ही पडणारे कोण, म्हणून एका सुरात चिडतात. तह असा वरून लादलेला आहे. शीतयुद्धाच्या रूपकात हा तपशील नीट बसत नाही, कारण त्या काळी दोन महासत्तांच्या वर तिसरी कोणी नव्हती. माळव्यातल्या वाचकाला तो परका वाटू नये. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनीपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. पुढे २१ डिसेंबर १८१७ ला ईस्ट इंडिया कंपनीशी महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने इतर दरबारांशी परस्पर बोलण्याची होळकरांची मुभाच गेली. फरक एवढाच की ऑर्गेनियावासीयांनी मुलूख मागितला नाही, कंपनीने घेतला. इंदुरात ‘रेसिडेन्सी’ (कंपनीच्या प्रतिनिधीचे ठाणे) हे नाव अजून चालू आहे.

तहातील एक कलम २९ डिसेंबर १९६७ च्या भागात समोर येते : वादग्रस्त ग्रह जो अधिक चांगला विकसित करून दाखवील त्याचा. त्यामुळे तलवारीऐवजी धान्याची कोठारे महत्त्वाची ठरतात. गहू व राय यांच्या संकरातून आलेल्या ‘ट्रिटिकेली’ या खऱ्या पिकाचे एक कल्पित वाण कोठारात साठवलेले असते. ट्रिबल नावाचे लोकरी गोळ्यांसारखे प्राणी ते फस्त करतात आणि मरून पडतात. त्यावरून क्लिंगॉनांनी धान्यात विष कालवल्याचे उघड होते. शेजाऱ्याच्या खळ्यात विष कालवणे हे गव्हाच्या मुलखात युद्धाहून हलके पाप मानले जात नाही.

भाषा : पहिले क्लिंगॉन शब्द १९७९ च्या चित्रपटासाठी अभिनेते जेम्स डूहान यांनी सुचवले. भाषा उभी केली मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनी, १९८४ च्या चित्रपटासाठी. त्यांचा शब्दकोश १९८५ चा. भाषा परकी वाटावी म्हणून ओक्रँडांनी ध्वनींची निवड मुद्दाम विस्कळीत केली : मूर्धन्य ‘ड’ आणि ‘ष’ आहेत, पण ‘ट’ नाही. मराठी माणसाला दोन्ही ध्वनी घरचेच. वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद, शेवटी कर्ता. इंग्रजी कानाला हे उलटे वाटते, आपण ‘आंबा खाल्ला रामाने’ सहज म्हणतो. क्रियापदाच्या उपसर्गातच कर्ता व कर्म दोन्ही येतात : ‘डाषोप’ म्हणजे ‘तू ते खातोस’, यातील ‘डा’ एवढ्याने ‘तू’ व ‘ते’ दोन्ही कळतात. मराठीत ‘तू आंबे खाल्लेस’ यातील ‘ले’ आंब्यांचा आणि ‘स’ तुझा, ही त्याच जातीची सोय. मात्र ती प्रत्ययांनी साधते आणि भूतकाळापुरती आहे.

उत्तरकाळ : डिसेंबर १९९१ च्या चित्रपटात प्रॅक्सिस या चंद्रावरील स्फोटाने साम्राज्य खचते आणि २२९३ मध्ये खिटोमर येथे समेटाची परिषद भरते. चेर्नोबिलचा अपघात (१९८६) यामागे आहे, यावर फारसा वाद नाही. चित्रपट आला त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९८७ च्या पुढच्या मालिकेपासून वॉर्फ ग्रहसंघाच्याच जहाजावर दिसतो. समेट १९९५ च्या एका भागात मोडतो व १९९७ मध्ये पुन्हा जुळतो. २०१७ च्या मालिकेत २२५६ चे युद्ध आहे. तीत क्लिंगॉन आपापसांत क्लिंगॉनच बोलतात, खाली अनुवाद येतो, आणि कपाळ पुन्हा बदललेले आहे.